मापाचा ब्लाउज, बिनमापाची सायकल

शिंप्याकडे ब्लाउज टाकायला गेलं की तो पहिल्यांदा काय विचारतो? ‘मापाचा ब्लाउज आणलाय का?’ बाही अर्धा इंच सैल झाली तरी आपण परत नेऊन देतो. त्याच आपण सायकलच्या दुकानात जाऊन ‘लेडीज दाखवा’ म्हणतो आणि पुढे येईल ती घेऊन घरी येतो. मग पाठ दुखली, मान अवघडली, की ‘मला मेलीला सवयच नाही’ असं म्हणून ती जिन्याखाली जाते. पस्तिशीपर्यंत मीही हेच केलं.

गेल्या दीड वर्षात मी एक जुन्या धाटणीची रेसिंग सायकल जोडली. पोलादाच्या बारीक नळ्यांची फ्रेम, खाली वळलेलं हँडल, तिरप्या नळीवर गियरचे दोन खटके. हल्ली तिला ‘रेट्रो रोड बाइक’ म्हणतात. माझी ही हौस या अंकात कशाला, असं वाटेल. पण या सायकलीने मला माझ्याच कामातली एक चूक दाखवली, म्हणून लिहिते आहे.

पहिली फ्रेम भंगारवाल्याकडून घेतली, रंगावर भाळून. माझी उंची १५२ सेंटिमीटर. फ्रेमची सीटखालची नळी ५० सेंटिमीटर, वरची दांडी ५४. नवे छरे घातले, चाकांचा आऊट काढून घेतला, केबली ओढल्या. महिना गेला. पहिल्याच सिग्नलला कळलं, की दोन्ही पाय टेकून मी उभीच राहू शकत नाही, दांडी आड येते. चालवताना हँडल इतकं लांब, की कोपर ताठ आणि मानेत कळ. सायकलवाल्या चाचांनी निदान केलं, ‘ताई, तुमचे हात आखूड आहेत.’ चाचा भले गृहस्थ, मजुरीही बेताची घेतात. पण वाक्य बघा. दांडी लांब आहे, असं ते म्हणाले नाहीत. आणि मला तरी ते कुठे सुचलं?

मग फ्रेम सोडून मी बाकी सगळं बदललं. सीट पुढे सरकवली, तर गुडघे दुखायला लागले. हँडल धरणारा स्टेम १० सेंटिमीटरचा होता, तो काढून ६ चा लावला; मान सुटली, पण उतारावर हँडल जरा हात लागला तरी वळू लागलं. स्टेम वर ओढला, तर त्यावर कोरलेली मर्यादेची रेघ आली. त्याच्या वर ओढणं म्हणजे तो निसटून दात पाडून घेणं. सांगाडा तसाच ठेवून स्वतःला वाकवत राहायची कला आपल्याला कोणी वेगळी शिकवावी लागत नाही.

शेवटी मोजमाप केलं. कसं करायचं तेही सांगते. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं. दोन पायांच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, सीटवर बसल्यावर येतो तितका दाब देऊन वर धरायचं. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मैत्रिणीने टेप लावायची. (मैत्रिणीनेच, हे सांगायला नको.) टूर द फ्रान्स जिंकणारा ग्रेग लेमाँड आणि त्याचे प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्या नावाने चालणारा हिशेब असा : या मापाला ०.६७ ने गुणलं की सीटखालच्या नळीची लांबी मिळते, ०.८८३ ने गुणलं की पायडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. माझं माप निघालं ७०. म्हणजे नळी ४७ आणि सीट ६२ च्या किंचित खाली. ५० ची फ्रेम मला कधी होणारच नव्हती. बरं, हा हिशेबही पायांपुरताच. धड किती, हात किती, हे तो विचारत नाही.

त्याची किंमत मी दुसऱ्या फ्रेमवर मोजली. नळी बरोबर ४७, म्हणून आनंदाने घेतली. घरी येऊन टेप लावली, तर दांडी साडेत्रेपन्न! नावाला छोटी, पण एकाच नळीने छोटी. असं का होतं? चाकं मोठीच ठेवून फ्रेम खरोखर आखूड केली, तर वळताना पाय पुढच्या चाकाला घासतो. म्हणून बनवणारे सीटची नळी तेवढी कापतात आणि दांडी जवळपास तशीच ठेवतात. काही जण सीटची नळी उभी करून कागदावर दांडी आखूड दाखवतात. पण गुडघ्यासाठी सीट मागे घ्यावी लागली, की हँडल पुन्हा होतं तिथेच. उपाय सापडत नव्हता अशातला भाग नाही. जॉर्जीना टेरी या अमेरिकन अभियंता बाईंनी १९८५ मध्ये कंपनी काढली आणि छोट्या फ्रेमला मागे नेहमीचं, पुढे मात्र २४ इंची चाक लावलं. दिसायला विचित्र, बसायला बरोबर. सायकल दिसावी कशी याआधी बाई बसणार कशी, हा प्रश्न त्यांनी विचारला.

मैत्रिणींनो, ‘लेडीज’ या शब्दात आपलं शरीर कुठेच नाही. मधली दांडी काढली ती झग्यासाठी, मग साडीसाठी. ॲनी लंडनडेरी १८९४ मध्ये बॉस्टनहून जगप्रवासाला निघाली ती सुमारे १९ किलोच्या बायकी सायकलवर. शिकागोत तिने ती टाकून निम्म्या वजनाची पुरुषी सायकल घेतली, झगाही सोडला. आपल्या जवळचं उदाहरण तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईचं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता चळवळीतून तिथल्या हजारो बायका सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी नोंदवलंय, की काही जणींना दांडीचीच सायकल आवडायची, कारण दांडीवर मूल बसवता येतं. बाईला काय सोयीचं, हे तिला विचारल्याशिवाय कळत नाही, आणि बाई म्हणजे एक माप नव्हे. बायकांचे पाय लांब आणि धड आखूड, असं सरसकट धरून परदेशात खास बायकांच्या फ्रेमी निघाल्या, त्याही अनेकींना बसल्या नाहीत. स्पेशलाइज्ड या कंपनीने २०१९ मध्ये बायकांची आणि पुरुषांची फ्रेम हा भेदच काढून टाकला. मला ते पटतं, पण एका अटीवर : छोटी मापं खरोखर छोटी असली पाहिजेत.

सीटबद्दल तर आपण आपसातही बोलत नाही. तिथे बधिरपणा येतो, सूज येते, कातडी सोलते, आणि ‘कुठे दुखतंय’ हे सांगायची लाज. शर्यतीतल्या बायकाही गप्प होत्या. ब्रिटिश खेळाडू बोलल्या, त्यांच्या डॉक्टरांनी ते मांडलं आणि २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियमात सीटचं टोक ९ अंशांपर्यंत खाली झुकवायची मुभा मिळाली. माझी रुंद सीट मी दोनच अंश झुकवली आहे. तेवढ्याने भागलं.

तिसरी फ्रेम २६ इंची चाकांची मिळाली. नळी ४६, दांडी साडेपन्नास. उभी राहिले की दांडी आणि मी यांच्यात बोटभर जागा उरते. एकच अडलं होतं. जुने ब्रेक मोठ्या पंजासाठी केलेले, माझी बोटं पोचेनात. लिव्हरच्या मागे रबराचा तुकडा बसवून तो हँडलजवळ आणला आणि तेव्हा मला ती मुलगी आठवली.

तीन वर्षांपूर्वी आम्ही एका देणगीदाराच्या मदतीने आठवी-नववीतल्या मुलींना ४० सायकली वाटल्या. सगळ्या एकाच मापाच्या, ‘लेडीज’. सहा महिन्यांनी पाहणीला गेले, तर एका वाडीतल्या नऊपैकी चार सायकली भाऊ नाहीतर बाप चालवत होते. अहवालात मी लिहिलं, ‘पालकांची मानसिकता’. ती खोटी होती असं नाही. पण त्यातली एक मुलगी म्हणाली होती, ‘ताई, ब्रेकला हात पुरत नाही. उतारावर मी उतरून चालते.’ मी तिला म्हटलं, ‘होईल गं सवय.’

परवा त्या वाडीवर जाऊन आले. ती मुलगी आता बारावीत आहे, सायकल भावाकडेच आहे. येत्या जूनमध्ये पुन्हा वाटप आहे. दुकानदार म्हणतो, एका मापाच्या घेतल्या तर भाव कमी पडेल. बैठकीत एकाने विचारलं, मुली वाढतातच ना, मग थोडी मोठीच का नको? मी म्हटलं, वाढेपर्यंत तिने थांबायचं कसं, ब्रेक कशाने लावायचा? दोन मापं, खालीवर होणारी सीट आणि जवळ आणता येणारे ब्रेक, एवढं मी मागितलं आहे. निर्णय व्हायचा आहे. तोपर्यंत पुढच्या आठवड्यात शाळेत मोजणी ठरली आहे. टेप मी नेणार, पुठ्ठ्याचं पुस्तक शाळेतलंच वापरू.