फुप्फुसाच्या कर्करोगाचा माग

फुप्फुसातील गाठ समूळ काढली, असे शल्यविशारदाने सांगितले की रुग्णाच्या घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु त्यांतील कित्येकांच्या घरी हा रोग वर्षा-दोन वर्षांत मेंदूत, हाडांत अथवा यकृतात पुन्हा डोके वर काढतो. शस्त्रक्रियेपूर्वीच गाठीतील मूठभर पेशी निसटलेल्या असतात आणि त्या क्ष-किरणांच्या नजरेस पडत नाहीत.

ही शंका नवी नव्हे. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर थॉमस ॲशवर्थ यांना १८६९ साली एका मृत कर्करोग्याच्या रक्तात गाठीतल्यासारख्याच पेशी आढळल्या होत्या. आज अशा पेशींबरोबरच त्यांनी रक्तात सांडलेले डीएनएचे तुकडेही शोधले जातात. प्रत्येक गाठीच्या जनुकांत तिचे स्वतःचे बिघाड असतात. ते वाचून घ्यायचे आणि रक्तात त्यांचाच माग काढायचा. ब्रिटनमधील ‘ट्रेसरएक्स’ संशोधनाने २०१७ साली दाखवून दिले की, काही रुग्णांत ही खूण सीटी स्कॅनच्या कित्येक आठवडे, क्वचित अनेक महिने, आधी उमटते. मात्र ॲडेनोकार्सिनोमा ह्या प्रकारात आरंभी ती पुष्कळदा सापडतच नाही. खूण दिसली नाही म्हणजे रोग गेला, अशी ग्वाही कोणी विकू लागल्यास ती घेऊ नये.

आणि खूण सापडली, तर पुढे काय? ‘ईजीएफआर’ जनुकात बिघाड असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर ओसिमर्टिनिब हे औषध दिले असता पाच वर्षांनी शंभरांतील ८८ हयात होते, न दिलेल्यांत ७८, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. हा बिघाड युरोपियनांपेक्षा भारतीय रुग्णांत अधिक आढळतो. म्हणजे हा प्रश्न परक्यांचा नाही. पण औषध तीन वर्षे रोज घ्यावयाचे, आणि ते महाग!

तथापि आमची खरी चिंता निराळीच आहे. महिनोन् महिने खोकणाऱ्या खलाशाला वा खाणकामगाराला छातीच्या फोटोवरील डाग पाहून क्षयाची औषधे सुरू होतात. थुंकीत जंतू सापडले की नाही, हे पाहण्याची तसदीही पुष्कळदा घेतली जात नाही. तो मोठ्या इस्पितळात पोहोचतो तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ टळलेली असते. अशा माणसाला रक्तातील सूक्ष्म खुणांचे काय कौतुक? थुंकीत जंतू नसताना औषधांनी महिन्याभरात उतार न पडल्यास त्याला विनाविलंब सीटी स्कॅन व गाठीच्या तुकड्याच्या तपासणीसाठी पाठवण्याचा दंडक शासनाने तालुक्याच्या दवाखान्यांपर्यंत घालून द्यावा, आणि त्याच तुकड्यावरील जनुक-तपासणीचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हावा.