न कळण्याचा हक्क

सातारा-सांगलीकडे इंगमार बर्गमनचा ‘पर्सोना’ दाखवावा असे कोणी म्हटले, की ‘आपल्याकडच्या लोकांना ते झेपायचे नाही’ हे उत्तर ठरलेले असते. मग तडजोड म्हणून एखादा सोपा, हृद्य चित्रपट सुचवला जातो. सोप्या चित्रपटाला आमची हरकत नाही. हरकत आहे ती पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला कळते आणि इकडच्याला कळत नाही या गृहीतकाला. वास्तविक १९६६ सालचा हा स्वीडिश चित्रपट आपल्याला पुरता कळला, असे जाणते समीक्षकही सहसा म्हणत नाहीत.

कथानक तसे थोडके आहे. ‘इलेक्ट्रा’च्या प्रयोगात एलिझाबेत ही नटी एकाएकी गप्प होते आणि पुढे बोलणेच सोडते. समुद्राकाठच्या घरात तिची शुश्रूषा करणारी आल्मा मात्र बोलत राहते, आणि हळूहळू दोघींमधली सीमारेषा पुसट होत जाते. मध्येच पडद्यावरची फिल्मच जळाल्यासारखी दिसते. बर्गमन त्या काळात स्टॉकहोमच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचा प्रमुख होता. भर प्रयोगात नटीची वाचा थांबणे म्हणजे काय, हे नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या सांगलीला वेगळे समजावून द्यावे लागू नये.

कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीने पाहिले आणि त्यांतून प्रेरणा घेऊन विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ रंगवले. म्हणजे मराठी रंगभूमीचा उगमच बाहेरून आलेला खेळ मोकळ्या मनाने पाहण्यात आहे. साताऱ्याचा दाखला तर याहून रोकडा. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात महाविद्यालय काढले. खेड्यातल्या पोराला उच्च शिक्षण झेपायचे नाही, असे त्यांनी मानले असते तर? आणि कर्नाटकातल्या हेग्गोडू या लहानशा गावी के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘निनासम’ने १९७०च्या दशकापासून जागतिक चित्रपट ग्रामीण प्रेक्षकांपुढे ठेवले, हे उदाहरण तर शेजारचेच आहे.

खरी अडचण बुद्धीची नाही, भाषेची आहे. संवाद स्वीडिश आणि तळाशी धावणारी इंग्रजी अक्षरे, यांत इंग्रजी सराईतपणे न वाचणारा प्रेक्षक अकारण मागे पडतो. म्हणून खेळापूर्वी मुख्य प्रसंगांचे आणि संवादांचे मराठी टिपण हाती द्यावे. त्यात अर्थ मात्र सांगू नये. आल्मा एक लैंगिक अनुभव मोकळेपणाने सांगते. तेव्हा खेळ प्रौढांसाठी आहे हे जाहिरातीतच स्पष्ट असावे. परवानगीचे सोपस्कार आधी उरकावेत. आणि दीड तासाहूनही लहान असलेल्या या चित्रपटानंतर तज्ज्ञाचे व्याख्यान ठेवण्याऐवजी प्रेक्षकांनाच प्रथम बोलू द्यावे. एखादा ‘मला काही कळले नाही’ म्हणाला, तर तेथूनच चर्चा सुरू करावी. मध्येच उठून गेलेल्याचीही कुचेष्टा होऊ नये.

शंभरांतले दहाच शेवटपर्यंत बसले, तरी तो खेळ फसला असे आम्ही मानणार नाही. न आवडण्याचा आणि न कळण्याचा हक्क प्रेक्षकाला आहे. तो बजावण्याची संधीच त्याच्या वतीने परस्पर नाकारण्याचा अधिकार मात्र संयोजकांना कोणी दिलेला नाही.