जालन्यात पुष्पक कशाला?

जुनी मोटार दुरुस्तीस घेतली की तिला पुराणातले किंवा दंतकथेतले नाव द्यावे, ही हौस आम्हांस मुळीच गैर वाटत नाही. गैर वाटतो तो निवडीमागचा आळस. पत्र्यावरचा गंज खरवडताना, मूळ रंगाची छटा शोधताना, न मिळणाऱ्या एखाद्या सुट्या भागासाठी भंगारबाजार पालथा घालताना जी चिकाटी दिसते, तिचा शतांशही नावाच्या वाट्याला येत नाही. 'पुष्पक', 'गरुड' ही यादी तयारच असते. त्यातले एक उचलून बॉनेटवर रंगवले की झाले. साहित्याच्या अभ्यासकांनी यावर बोलले पाहिजे, कारण आख्यायिकेतून नाव घेणे हे त्या आख्यायिकेचे वाचनच असते.

'पुष्पक'च पाहा. ते विमान कुबेराचे. रावणाने ते बळकावले आणि लंकाविजयानंतर अयोध्येस पोहोचलेल्या रामाने ते कुबेराकडे परत पाठवले. हिरावणे आणि परत करणे हा या कथेचा कणा. नाव देणाऱ्यास मात्र त्यातले उडणे तेवढे आठवते.

उलट, कथा आणि काम जुळले की नाव रुजते. एस.टी.च्या निमआराम गाडीचे 'हिरकणी' हे नाव पाहा. दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या लेकरासाठी रायगडाचा कडा उतरणारी गवळण आणि दिवेलागणीला घर गाठू पाहणारा प्रवासी यांची ओढ एकच आहे. बजाजने १९७२ साली स्कूटरला दिलेले 'चेतक' हे नावही असेच. जखमी होऊनही धन्याला हळदीघाटीतून बाहेर काढणारा घोडा अवघ्या कुटुंबाचा भार वाहणाऱ्या दुचाकीला शोभला. २०२० साली विजेवरची स्कूटर बाजारात आली तीही त्याच नावाने.

मग जालना जिल्ह्यात उभ्या राहणाऱ्या जुन्या मोटारीसाठी नाव कोठे शोधावे? शहराच्या नावाविषयी गॅझेटियरने नोंदवलेली दंतकथा दुपदरी आहे. रामकाळी येथे सीतेचे वास्तव्य होते आणि गाव जनकपूर म्हणून ओळखले जाई, हा एक पदर. पुढे गावावर उपकार करणाऱ्या एका धनिक मुसलमान व्यापाऱ्याच्या इच्छेवरून, त्याच्या 'जुलाहा' म्हणजे विणकर या व्यवसायामुळे 'जालना' झाले, हा दुसरा. भाषाशास्त्र ही व्युत्पत्ती मानो वा न मानो, लोकस्मृतीने दोन्ही पदर एकाच कथेत गुंफून ठेवले आहेत.

यातला पहिला पदर मोटारीवर सहज चढेल. दुसऱ्यास कोणी हात लावणार नाही, ही आमची धास्ती आहे. म्हणूनच आमची सूचना स्पष्ट आहे: गाडीचे नाव 'जुलाहा' ठेवावे. विणकराचे नाव मोटारीस शोभत नाही, असे कोणी म्हणेल. मागावरचा धोटा काय करतो? इकडून तिकडे, तिकडून इकडे धावत सुटे धागे एकत्र बांधतो. अंबड, परतूर, भोकरदनच्या रस्त्यांवर गाडीने याहून वेगळे काय केले असेल?

मोटारीचा मूळ सुटा भाग मिळेपर्यंत थांबणाऱ्यांनी मूळ कथेचा अर्धा भाग फेकून देऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.