न घडलेल्या दंगलीचे श्रेय

दंगल उसळली की पोलिसांच्या शौर्याची चर्चा सुरू होते. जमावाला छातीठोकपणे सामोरा गेलेला अधिकारी लोकांच्या लक्षात राहतो, आणि ते योग्यही आहे. परंतु ज्याच्या कामामुळे जमाव जमलाच नाही, त्या अधिकाऱ्याच्या धैर्याची नोंद कोण घेणार? भिवंडीचा अनुभव हा प्रश्न आजही आपल्यापुढे ठेवतो.

यंत्रमागांच्या या शहराने १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगली पाहिल्या. १९७० च्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्या. मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावर स्पष्टपणे बोट ठेवले होते. म्हणजे येथे अविश्वास केवळ हिंदू-मुस्लिमांमध्ये नव्हता; नागरिक आणि खाकी वर्दी यांच्यातही तो मुरलेला होता.

अशा शहरात १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. बंदोबस्त वाढविणे हा रूढ मार्ग त्यांच्यापुढे होताच. त्यांनी मात्र शहरभर सुमारे ७० मोहल्ला समित्या उभ्या केल्या. शांतता समित्या त्यापूर्वीही होत्या; पण त्या सणासुदीच्या तोंडावर भरत आणि त्यांत ठराविक प्रतिष्ठितच मिरवत. नव्या समित्यांत दोन्ही समाजांतील सामान्य माणसे बसू लागली आणि बैठकी नियमित होऊ लागल्या. दंगलीची ठिणगी बहुधा किरकोळ भांडणातून पडते, हे ध्यानात घेऊन गल्लीतले तंटे तेथल्या तेथे मिटविण्यावर भर देण्यात आला.

यात धाडस कोणते, असे कोणी विचारील. लाठी हाती असताना संवादाचा मार्ग धरणे, आपल्या अधिकारातील वाटा नागरिकांना देणे आणि आपल्याच शिपायांना जनतेच्या प्रश्नांना उत्तरे द्यावयास लावणे, हे हुकमावर चालणाऱ्या खात्यात सोपे नसते. प्रयोग फसला असता तर दोष एकट्या अधिकाऱ्याच्या माथी आला असता.

कसोटीचा क्षण डिसेंबर १९९२ मध्ये आला. बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबई पेटली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील हिंसाचारात तेथे सुमारे ९०० जणांचा बळी गेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली. हाकेच्या अंतरावरील भिवंडी मात्र शांत राहिली. त्याचे सारे श्रेय एका व्यक्तीला देणे अन्यायाचे ठरेल; ते समित्यांतील असंख्य अनाम स्त्रीपुरुषांचेही आहे. पुढे मुंबईतही सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आदींच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

तथापि या कथेचा उत्तरार्धही विसरता कामा नये. जुलै २००६ मध्ये भिवंडीतच पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद चिघळला. पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर जमावाने दोन पोलिसांची निर्घृण हत्या केली. या वेळी संघर्ष दोन धर्मांत नव्हता, तर पोलीस आणि नागरिक यांच्यात होता. पूर्वी कमावलेला विश्वास कायमचा टिकत नाही, त्याची रोज मशागत करावी लागते, हाच त्याचा अर्थ.

येथेच व्यवस्थेची खरी त्रुटी दिसते. अधिकारी येतात, बदलून जातात आणि त्यांच्याबरोबर उपक्रमही जातात. पोलिसांचे मूल्यमापन नोंदलेले गुन्हे आणि केलेल्या अटका यांवर होते. टळलेल्या दंगलीचा रकाना कोणत्याही नोंदवहीत नाही. संवादाचे काम एखाद्या अधिकाऱ्याच्या आवडीवर न सोपविता ते ठाण्याच्या नित्याच्या कर्तव्याचा भाग झाले पाहिजे, आणि बदली होऊन येणाऱ्याने पदभाराबरोबर तेही स्वीकारले पाहिजे. धाडसी अधिकाऱ्यांचा गौरव जरूर व्हावा. पण त्यांच्या धाडसावर विसंबून राहण्याची वेळ शहरावर येऊ नये, यातच पोलीस प्रशासनाचे खरे यश आहे.