कुटुंब निधी : भावकीचा आधार हवा, भावकीची भिंत नको

भीमजयंतीची वर्गणी द्यायला आपल्यापैकी कुणी मागेपुढे पाहत नाही. मंडप, डीजे, बॅनर यांचे हजारो रुपये वस्तीत आठवड्याभरात जमतात. पण त्याच वस्तीतल्या मुलीची कॉलेजची फी भरायची वेळ आली की बाप व्याजाने पैसे शोधत फिरतो. शेकडा ३ रुपये महिना हा दर ऐकायला किरकोळ वाटतो. वर्षाचे ते ३६ टक्के होतात! शिष्यवृत्ती मंजूर होते, पण खात्यावर जमा होईपर्यंत अनेकदा वर्ष सरलेलं असतं. समाजात पैसाच नाही, असं नाही. तो वेळेवर आणि गरजेच्या जागी उभा राहत नाही, हे खरं दुखणं आहे.

म्हणून आमचं म्हणणं आहे की प्रत्येक भावकीने आपला कुटुंब निधी सुरू करावा. हिशेब सोपा आहे. २५ घरं, दर घरी महिना २०० रुपये, म्हणजे वर्षाला ६० हजार आणि ५ वर्षांत ३ लाख. दवाखान्यातली अनामत, परीक्षेची फी, वसतिगृहाचं डिपॉझिट यांसाठी मग सावकाराच्या दारात जावं लागणार नाही.

"जात मोडायला निघालेले आपण कुळाकडे कसे वळता?" असा प्रश्न काही मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. भावकी म्हणजे आजवर मुलग्यांची यादी. लग्न करून गेलेली लेक त्यात नाही, आंतरजातीय लग्न केलेला भाऊ त्यातून वगळलेला, विधवा सून असून नसल्यासारखी. असा निधी उभा केला तर आपण जुनीच उतरंड नव्या पासबुकात लिहू. तरीही सुरुवात घरापासून करावी लागते, कारण पैशाच्या कामात विश्वास लागतो आणि तो ओळखीत लवकर बसतो. मात्र सुरुवात कुठून करायची आणि थांबायचं कुठे, यात फरक आहे.

बाबासाहेबांचंच शिक्षण पाहा. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. १९२० मध्ये पुन्हा लंडनला निघाले तेव्हा शाहू महाराजांची मदत होती, मित्र नवल भथेना यांनी दिलेलं कर्ज होतं. यातलं कुणीही त्यांच्या भावकीतलं नव्हतं. धम्मदीक्षेनंतर १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितलं, तोही स्वतःच्या कुळासाठी नव्हे.

म्हणून निधीच्या वहीत पहिल्या पानावर चार नियम लिहून काढा.

एक, लेकी आणि सुना पूर्ण सभासद. खात्यावर दोन सह्या, त्यातली एक बाईची.

दोन, पैसे फक्त शिक्षण, आजारपण आणि रोजगारासाठी. लग्नातला मानपान, हळदीचा डीजे, कर्मकांड यांना एक रुपयाही नाही.

तीन, कर्ज बिनव्याजी, फेड ठरलेल्या हप्त्यांत. दर तीन महिन्यांनी पासबुकाचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. चळवळीतल्या कितीतरी मंडळांत फूट पडली ती हिशेबावरून, हे आपण सगळे जाणतो. बाहेरच्यांकडून व्याजाचं आमिष दाखवून ठेवी घ्यायच्या नाहीत. अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा कायदा २०१९ मध्ये झाला आहे.

चार, दरवर्षी जमलेल्या रकमेचा विसावा हिस्सा भावकीबाहेरच्या गरजू विद्यार्थ्याला. ६० हजारांचे ३ हजार होतात. एका मुलाची वर्षभराची पुस्तकं त्यातून येऊ शकतात. हा नियम पाळला नाही तर आपला निधी हा फक्त नातेवाइकांची भिशी ठरेल.

सरकारने शिष्यवृत्ती वेळेवर द्यावी यासाठीचा लढा या निधीमुळे थांबत नाही. उलट उद्या पोटाची आणि फीची चिंता थोडी कमी असलेला तरुणच मोर्चात ठाम उभा राहील. कर्जात बुडालेल्या माणसाचा आवाज सावकाराकडे गहाण पडलेला असतो.

तेव्हा मित्रांनो, येत्या रविवारी घरातली बैठक लावा. आत्यांना, बहिणींना आधी फोन करा. एक वही घ्या, पहिले २०० रुपये टाका आणि कामाला लागा.

जय भीम!