माणूस वाढवायचा का? आधी मिनिटं मोजा



"शेठ, एकट्याने होत नाही. अजून एक माणूस घ्या."

हे तुम्हीही ऐकलं असेल. शिवऱ्यातल्या माझ्या दुकानात मी ते तीनदा ऐकलं आणि तिन्ही वेळा म्हणालो, "बघू, सीझन जाऊ दे." चौथ्यांदा सांगायला तो मुलगा आलाच नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला नावाने ओळखणारा, चार वर्षांचा जुना माणूस गेला.

चूक माझीच. तो थकलोय म्हणत होता, मला वाटायचं कुरकुर करतोय. खरं-खोटं मोजून बघायचं काम मालकाचं होतं.

हाच प्रश्न ब्रिटिशांच्या काळात टपाल खात्यापुढे होता. आधी पत्रं आणि पार्सलं. मग १८७७ ला व्हीपी, १८८० ला मनीऑर्डर, १८८२ ला बचत बँक. खिडकी तीच, कामं वाढत गेली. कारकून वाढवून मागायचा, तर वरचा साहेब विचारणारच, "कशावरून?"

त्याचं उत्तर गुरुनाथ बेवूर या अधिकाऱ्याने दिलं. पुढे ते टपाल-तार खात्याचे महासंचालक झाले. त्यांची पद्धत 'बेवूर टाइम टेस्ट' म्हणून ओळखली जाते. रजिस्टर पत्र, मनीऑर्डर, अशा प्रत्येक कामाला ठरलेला वेळ. दिवसात अशी किती कामं होतात ते मोजायचं, वेळेने गुणायचं आणि एका माणसाच्या कामाच्या तासांनी भागायचं. किती माणसं लागतात ते समोर येतं. मग मागणी म्हणजे रडगाणं राहत नाही, हिशोब होतो.

तो मुलगा गेल्यावर मी हेच केलं. १८० बिलं, प्रत्येकी २ मिनिटं: ६ तास. ३० पॅकिंग, प्रत्येकी ५ मिनिटं: अडीच तास. माल उतरवून लावणं दीड तास, उधारीच्या नोंदी १ तास. झाले ११ तास. माणूस एक, ड्युटी ८ तासांची. म्हणजे रोज ३ तासांचं काम मी त्याच्या अंगावर टाकत होतो. आणि बघा, पूर्ण पगाराचा दुसरा माणूस लागतच नव्हता. संध्याकाळी तीन तास येणारा मुलगा पुरला असता.

एक मात्र लक्षात ठेवा. मोजणीत सगळं येत नाही. एखाद्या आजीला पुड्यावरची तारीख वाचून दाखवणं, रुसलेल्या गिऱ्हाइकाला समजावणं, हे कुठल्या रकान्यात लिहिणार? आणि सरासरीवर जाऊ नका. दुपारी दुकान रिकामं असतं म्हणून संध्याकाळची गर्दी कमी होत नाही. म्हणून हिशोबात थोडी सैल जागा ठेवा.

या आठवड्याचा होमवर्क: सात दिवस, एक वही, प्रत्येक कामाची मिनिटं. मोजणी स्वतः करा आणि शेवटी तुमच्या माणसाला शेजारी बसवून आकडा दाखवा.

त्याने चौथ्यांदा मागायची वाट बघू नका.