'पँडेमोनियम' आणि गोंधळ : एका पर्यायाची झाडाझडती

'पँडेमोनियम' या इंग्रजी शब्दाला 'गोंधळ' हा पर्याय देऊन मराठी समीक्षक सहसा पुढे निघून जातो. पर्याय चुकीचा नाही. उलट, देणाऱ्याला वाटते त्याहून तो कितीतरी अधिक नेमका आहे. मिल्टनने १६६७ साली 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये हा शब्द घडवला तो सैतानाच्या राजधानीसाठी. 'पॅन' म्हणजे सर्व, 'डायमॉन' म्हणजे दैवी शक्ती. ती दुष्टच असते असे ग्रीकांनी मानले नव्हते. त्या प्रासादात गदारोळ तर मुळीच नाही. सभा भरते, वक्ते क्रमाने बोलतात, मसलत होऊन निर्णय लागतो. सर्व शक्तींच्या सभास्थानाचे हे नाव पुढे बेबंद कोलाहलाला चिकटले, आणि ती सभा पराभूतांची होती, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

आता मराठी शब्द पाहावा. शिंदखेडा तालुक्यातल्या नरडाण्याजवळून सुरत-भुसावळ लोहमार्ग जातो आणि आग्रा महामार्गही. या परिसरात ज्या घरांच्या कुलाचारात गोंधळ आहे, तिथे लग्नानंतर चौक मांडला जातो, कलश बसतो, दिवटी पेटते. मग तुळजापूर, माहूर, जेजुरी अशी ठाणी घेऊन एकेका दैवताला पाचारण होते. त्यानंतर आख्यान, शेवटी आरती. क्रम चुकला तर विधी चुकला. म्हणजे 'गोंधळ' हीदेखील सर्व दैवतांची सभाच. रात्रीच्या गाडीतून जाणाऱ्याला मात्र संबळ तेवढा ऐकू येईल. चौक दिसणार नाही.

मराठी समीक्षेचा कान या प्रवाशाचा आहे. एखाद्या कादंबरीत आख्यानातून आख्यान फुटले, निवेदक मध्येच श्रोत्याशी बोलू लागला, देव आणि माणसे एकाच पंक्तीला बसली, की 'रचनेचा गोंधळ झाला आहे' असा शेरा पडतो. वस्तुतः तिथे गोंधळाचीच रचना असू शकते! पण ती शक्यता तपासण्याआधीच निकाल लागलेला असतो, आणि निकालपत्राची भाषा ॲरिस्टॉटलची असते.

यावर ठरलेला आक्षेप असा, की शब्दांचे अर्थ बदलतात. लोकांनीच हा बदल केला. हे खरेच आहे. मोल्सवर्थच्या कोशात विधी आणि अव्यवस्था असे दोन्ही अर्थ सापडतात, तेव्हा याचे खापर इंग्रजीवर फोडण्यात अर्थ नाही. बाजारात, कचेरीत, घरात 'गोंधळ' खुशाल होवो. समीक्षकाला मात्र ही मोकळीक नाही, कारण त्याचा शब्द ही संज्ञा असते आणि तिच्यावर मूल्यनिर्णय उभा राहतो. ज्या परंपरेचे नाव घेऊन तो दोष दाखवतो, त्याच परंपरेतून आलेली कृती त्याच्यापुढे असेल, तर ती मापण्याचे साधन त्याने आधीच मोडून ठेवलेले असते. (लोकतत्त्वांवर चर्चासत्रे घेणारे विभागही हा शेरा सढळपणे मारतात, हे विशेष.)

शब्दांची वाण नाही. विस्कळीतपणा, विसंगती, अनागोंदी, सावळागोंधळ हे उपलब्ध आहेत. त्यांतला 'सावळागोंधळ' तर मासलेवाईक : दोष दाखवायला भाषेला तिथे एक विशेषण जोडावे लागले.